मास्तर ‘लाव’ म्हणाले

वर्कशॉपमध्ये तिला सगळे धाकटी म्हणत. पहिल्या दिवशी मास्तरांनीच तिला आत आणून सांगितलं होतं, “मोठी बहीण माझ्या पदरात पडली, ही धाकटी तुमच्या पदरात टाकतो. सांभाळा.” सगळे हसले आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

मास्तर म्हणजे तिच्या ताईचा नवरा. घरी ती त्यांना भावजी म्हणायची, कामावर मास्तर. बोटींवरची रडार दुरुस्त करणारं ते वर्कशॉप गोदीच्या फाटकाला लागून होतं. पुढे काउंटर, मागे लांबलचक टेबलं, टेबलांवर पोटं उघडी टाकलेली यंत्रं, आणि कोपऱ्यात मास्तरांची रबरी चटई. त्या चटईवर कुणी चहाचा कप ठेवलेलाही त्यांना खपत नसे.

एरवी ते अबोल होते, पण विजेचा विषय निघाला की त्यांना तोंड फुटायचं. “रडारच्या पेटीत काही हजार व्होल्ट खेळत असतात,” ते सांगायचे. “मेन स्विच बंद केला म्हणजे वीज गेली, असं समजू नका. कपॅसिटरमध्ये ती दबा धरून बसते. तुम्ही निर्धास्तपणे हात घालता आणि ती हिशेब चुकता करते.” म्हणून आधी मेन बंद करायचा, मग अर्थिंगची काठी घ्यायची. काठीला तांब्याचा आकडा, आकड्याला वायर, वायरचं दुसरं टोक जहाजाच्या लोखंडाला. तो आकडा आतल्या टोकांना टेकवून साठलेली वीज उतरवायची आणि मगच पेटीत हात घालायचा. घड्याळ, अंगठी काढून ठेवायची. दुसरा हात मागे. एकट्यानं कधीच काम करायचं नाही. आणि पेटीच्या दाराला एक सेफ्टी स्विच असतो, दार उघडलं की तो वीज तोडतो. त्याच्याशी खेळ करणाऱ्याला ते सरळ घरी पाठवत. मास्तर झोपताना उशीलाही अर्थिंग देतात, असं पोरं त्यांच्या माघारी म्हणायची.

शॉक लागलेल्याला कसं वाचवायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं. टेबलांमध्ये गादीची वळकटी टाकून ते प्रत्येकाला गुडघ्यावर बसवायचे. “छातीच्या मधोमध. कोपर ताठ. अंगाचा भार टाका, कणीक मळताय का?” धाकटीचे हात दुखून यायचे, तरी ते थांबू देत नसत. वर्कशॉपमध्ये आजवर कुणाला मोठी इजा झाली नव्हती, आणि मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अभिमानानं ऐकवायचे. मास्तर तेव्हा मान खाली घालून स्क्रू शोधत असल्यासारखं करायचे, पण त्यांचे कान लाल झालेले धाकटीला दिसायचे.

त्या सकाळी धुकं होतं. फेरीबोट प्रवाशांनी भरलेली, आणि रडारच्या पडद्यावर चित्रच येईना. रडारशिवाय अशा धुक्यात बोट सोडायला मनाई होती. बोटीच्या कंपनीचे फोनवर फोन येत होते. लोक कठड्याला टेकून घड्याळं बघत होते, कुणाचं तरी मूल रडत होतं.

मास्तर आणि धाकटी दोघंच गेले. रडारची पेटी सुकाणूघराच्या मागे, एका अरुंद खोलीत होती, कपाटाएवढी. पडदा आणि बटणं पुढे, सुकाणूजवळ. मधल्या दारातून एकमेकांचा आवाज यायचा, पण दिसायचं नाही. मास्तर आत शिरले, ती पडद्यासमोर बसली. सुकाणूवाला, पिकल्या मिशांचा शांत माणूस, दोघांच्या मध्ये चाकाला हात लावून उभा होता. खाली इंजिन चालूच होतं. पायाखालची लोखंडी जमीन थरथरत होती.

मास्तरांनी एक भाग बदलला. तरी चित्र नाही. दुसरं काहीतरी घट्ट केलं. तरी नाही. बोटीचा कप्तान दोनदा येऊन डोकावून गेला. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, “मास्तर, तुमच्यापेक्षा धुकं लवकर आवरेल असं दिसतंय.” आत हत्यारं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

मग त्यांनी हाक मारली, “धाकटे, पडद्यावर लक्ष ठेव. मी सांगितलं की चालू कर.”

“पेटीचं दार लावलंय ना?” तिनं विचारलं. हे विचारायलाही त्यांनीच शिकवलं होतं.

“लावलंय गं. लाव आता.”

तिनं बटण फिरवलं. पडद्यावर क्षणभर हिरवट चित्र उमटलं, किनारा, धक्का, समोरची बोट, सगळं स्वच्छ. तिला हायसं वाटलं. त्याच वेळी मागे ओलं कापड झटकल्यासारखा आवाज झाला आणि काहीतरी जड आपटलं.

ती धावली. मास्तर पेटीला टेकून अर्धवट बसल्यासारखे पडले होते. मान छातीवर, उजवा हात अजून पेटीत. पेटीचं दार सताड उघडं होतं.

तिचा हात त्यांच्या खांद्याकडे गेला आणि तिनं तो मागे ओढला. भिंतीवरचा मेन स्विच खाली पाडला. शेजारी खुंटीवर काठी होती, ती घेऊन तिनं आकडा आत टेकवला. ताडकन ठिणगी उडाली. म्हणजे तेवढी वीज आत अजून बसून होती. मेन पाडून ती तशीच धरायला गेली असती तर तीही तिथेच पडली असती. पुन्हा टेकवला, या वेळी काही झालं नाही. तेव्हाच तिला चौकटीवरचा सेफ्टी स्विच दिसला. त्याच्या फटीत वायरच्या आवरणाचा तुकडा दुमडून घट्ट बसवला होता. दार उघडं असलं तरी बंदच आहे, असं यंत्राला वाटावं म्हणून.

सुकाणूवाल्याच्या मदतीनं तिनं त्यांना पट्ट्याला धरून बाहेर ओढलं आणि पाठीवर झोपवलं. “भावजी,” तिनं खांदे हलवले. “भावजी, ऐकू येतंय?” काही नाही. तोंड उघडं होतं. बराच वेळ काही नाही आणि मग घशातून एक घरघर, घोरल्यासारखी.

“श्वास घेतायत,” सुकाणूवाला म्हणाला. “तोंडावर पाणी मारू का?”

“हा श्वास नव्हे. पाणी नको. तुम्ही ॲम्ब्युलन्सला फोन करा. आणि धक्क्यावर प्रवासी हॉलमध्ये भिंतीला छातीला झटका द्यायचं यंत्र टांगलंय, ते आणा. पळा, काका.”

ती गुडघ्यावर बसली. छातीच्या मधोमध तळहात, त्यावर दुसरा, कोपर ताठ. तीस वेळा दाब, मग हनुवटी उचलून तोंडातून दोन श्वास, पुन्हा दाब. काही वेळानं तिच्या हाताखाली कट्‌ असं काहीतरी मोडलं. बरगडी. पण बरगडी मोडली म्हणून थांबायचं नाही, हेही शिकवलेलं होतंच. ती दाबत राहिली. घाम तिच्या नाकावरून त्यांच्या शर्टावर टपकत होता. मनात ती ताईशी बोलत होती, काय ते तिला नंतर आठवलं नाही.

सुकाणूवाला यंत्र घेऊन आला, पाठोपाठ कप्तान. तिनं शर्ट फाडला, त्यांची छाती आपल्या ओढणीनं पुसून कोरडी केली, यंत्राच्या दोन्ही पट्ट्या तिथे चिकटवल्या. यंत्र बोलू लागलं. रुग्णाला कुणी हात लावू नका, असं म्हणालं. तिनं सगळ्यांना मागे सारलं आणि बटण दाबलं. मास्तरांचं अंग उसळलं. यंत्रानं पुन्हा दाब द्यायला सांगितलं, ती पुन्हा वाकली. आणि मग, तिचे हात खांद्यापासून सुटून जातील असं वाटत असताना, मास्तरांनी तोंड वाकडं करून तिचा हात ढकलला.

ती तिथेच भिंतीला टेकून बसली. बाहेर कुणीतरी प्रवाशांना खाली उतरायला सांगत होतं.

डॉक्टरांनी ताईला सांगितलं की शॉक बोटांतून शिरला होता आणि कोपर लोखंडाला टेकलं होतं तिथून बाहेर पडला होता. दोन बोटं कामाची राहणार नाहीत. बरगड्या मोडल्यात, त्या सांधतील. हृदयाचे ठोके पुन्हा बिघडू शकतात, म्हणून काही दिवस यंत्राच्या देखरेखीखाली ठेवावं लागेल. “पण ज्यांनी छातीवर दाब दिला, त्यांनी यांना परत आणलं,” ते म्हणाले. ताईनं सगळ्यांसमोर धाकटीला मिठी मारली. तिचे दुखरे खांदे आवळले गेले.

पुढचे काही दिवस ती आळीपाळीनं ताईबरोबर हॉस्पिटलमध्ये बसली. मास्तर झोपून असायचे. जागे झाले की छतावर नजर लावायचे. तिच्याशी फारसं बोलले नाहीत. दुखत असेल, असं तिनं मनाशी म्हटलं. एकदा तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा ते म्हणाले, “बरगड्या मोडल्यास की गं,” आणि थोडं हसले. तीही हसली.

मग मालकांनी तिला काउंटरमागच्या खोलीत बोलावलं. मालक उंच, नीटनेटके गृहस्थ; बोलताना समोरच्याऐवजी स्वतःच्या नखांकडे पाहायची त्यांना सवय होती.

“चौकशी होणार आहे,” ते म्हणाले. “बंदराकडून अधिकारी येतायत. मी काल मास्तरांना भेटून आलो. तू जरा मन घट्ट कर. मास्तर म्हणतात, त्यांनी तुला थांब सांगितलं होतं.”

तिला आधी कळलंच नाही. “काय सांगितलं होतं?”

“थांब. आणि तू बटण फिरवलंस.”

“ते लाव म्हणाले. दार लावलंय का, म्हणून मी विचारलं होतं. लावलंय म्हणाले. लाव आता म्हणाले.”

मालकांनी नखांवरून नजर उचलली नाही. “इंजिन चालू होतं. दोन्ही शब्द तसे आखूडच. होतं असं. तुझ्यावर राग नाही त्यांचा. उलट तेच म्हणाले, पोरीला काही करू नका, तिनं जीव वाचवला माझा.”

ती तिथून थेट हॉस्पिटलला गेली. ताई व्हरांड्यात बाकावर बसली होती, मांडीवर धुतलेला टॉवेल. धाकटीचा चेहरा पाहून तिनं टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“तुला माहीत आहे ते काय सांगतायत,” धाकटी म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

“हळू बोल. आत ऐकू जाईल.”

“जाऊ दे ऐकू. ताई, ते खोटं बोलतायत. स्विचमध्ये तुकडा त्यांनीच घातला होता. दार उघडं ठेवून मला लाव म्हणाले.”

ताईनं एकदा दाराकडे पाहिलं. “कधी कधी घालतात,” ती म्हणाली. “मला बोललेत एकदा. घाई असली की दार उघडं ठेवूनच बघावं लागतं, नाही तर बिघाड सापडत नाही, म्हणाले. पोरांना कळता कामा नये, एवढंच.”

“मग तू सांग हे.”

“कुणाला? मालकांना? त्यांचा हात गेलाय, धाकटे. आता ते हत्यार धरू शकणार नाहीत. मालक म्हणालेत, शिकवायचं काम देऊ. गोदीतल्या सगळ्या वर्कशॉपांतल्या लोकांना हेच शिकवतील, विजेपासून कसं जपायचं ते. कोण देईल हे काम, त्यांनीच स्विचमध्ये तुकडा घातला हे कळलं तर?”

“आणि माझं काय?”

“तू तरणी आहेस. तुझे दोन्ही हात धड आहेत. तुला कुठेही काम मिळेल.” ताईनं तिचं मनगट धरलं. “तू वाचवलंस ना त्यांना? मग पूर्ण वाचव. अर्ध्यावर सोडू नकोस.”

धाकटीनं मनगट सोडवून घेतलं. लहानपणापासून ताईनं मागितलेलं तिनं कधी नाकारलं नव्हतं. ताईचे जुने कपडे घातले, ताईच्या लग्नासाठी स्वतःचं शिक्षण पुढे ढकललं, आणि त्याचं तिला काही वाटलंही नव्हतं. “मी काही जास्तीचं सांगणार नाही,” ती म्हणाली. “जे झालं ते सांगेन.”

“म्हणजे अर्ध्यावर सोडणार, तेच,” ताई म्हणाली आणि आत गेली.

चौकशी वर्कशॉपमध्येच झाली. लांब टेबलांवरची यंत्रं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. चौकशी अधिकारी म्हणजे एक मध्यमवयीन बाई होती, सावध आणि सभ्य. मास्तर हात गळ्यात अडकवून आले. कामावरची पोरं उठून उभी राहिली. कुणीतरी त्यांच्या पाठीमागे उशी ठेवली.

धाकटीनं सांगितलं. सरळ, न रडता, जसं झालं तसं. तुकडा कुठे होता, दार कसं उघडं होतं, ती काय म्हणाली, ते काय म्हणाले. अधिकारी बाईंनी मध्ये कुठेही अडवलं नाही. मग त्यांनी सुकाणूवाल्याला विचारलं. तो दोघांच्या मध्येच उभा होता. त्यानं ऐकलंच असणार, या भरवशावर ती रात्री झोपली होती.

सुकाणूवाल्यानं मिशीवरून हात फिरवला. “काहीतरी बोलले हे खरं,” तो म्हणाला. “पण माझं लक्ष बाहेर होतं. धुक्यात. इंजिनाचा आवाजही होता. शपथेवर नाही सांगता येणार.” बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. बोटीच्या कंपनीनं घाई केली, हे बाहेर यायला नको होतं, आणि तो त्याच कंपनीचा माणूस होता. हे तिला नंतर सुचलं.

मास्तरांची पाळी आली. त्यांनी घसा साफ केला.

“मी पेटीत वाकून बघत होतो. तिनं काहीतरी विचारलं, मी थांब म्हटलं. माझी पद्धत आहे तशी. तिला वेगळं ऐकू आलं असेल. माणूस घाबरतो, घाई असते. तिच्यावर ठपका ठेवू नका, अशी माझी विनंती आहे. मी आज बसलोय तो तिच्यामुळे.” ते थांबले. “तो तुकडा. तो आधी कुणीतरी घातलेला असणार. मी दार उघडल्यावर स्विच तपासायला हवा होता. नाही तपासला. तेवढी चूक माझी.”

धाकटीनं सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि तिला कळलं की आपण हरलो. त्यांनी तिला दोष दिला असता तर कदाचित कुणी तिच्या बाजूनं उभं राहिलं असतं. त्यांनी तर तिची बाजू घेतली होती, आणि स्वतःची छोटीशी चूकही कबूल केली होती. टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका कारागिरानं तिच्याकडे असं पाहिलं, की एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला तू खोटं पाडतेस?

“मी स्पष्ट ऐकलं,” ती म्हणाली. “थांब म्हटलं असतं तर मी थांबले असते.”

“असेल, असेल,” मास्तर हळुवारपणे म्हणाले. “तिला तसं ऐकू आलं असेल.”

तिला वाटलं, उठावं आणि त्यांच्या छातीवर, मोडल्या बरगड्यांवर हात ठेवावा. काय करायला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती बसून राहिली.

निकाल काही भयंकर नव्हता. स्पष्ट होकार न घेता रडार चालू केलं, असं ठरलं. तिला ताकीद मिळाली आणि बोटींवर जायचं काम बंद झालं. टेबलावर बसून सुटे भाग जोडायचे. मालक म्हणाले, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. थोडे दिवस झाले, आणखी झाले. पोरं तिच्याशी नीट वागायची, जरा जास्तच नीट. पूर्वी तिला हाक मारून डबा खायला बोलवायची, आता ती आली की सरकून जागा करून द्यायची आणि गप्प व्हायची.

ताईचा फोन आला तो चौकशीच्या दुसऱ्या दिवशी. “तू बोललीस ते बोललीस,” ती म्हणाली. “मी काही म्हणणार नाही. पण इतक्यात घरी येऊ नकोस. त्यांना त्रास होतो.” इतक्यात म्हणजे किती, हे धाकटीनं विचारलं नाही. भाचीच्या वाढदिवसाला तिनं खेळणं शेजारणीबरोबर पाठवलं. आभाराचा फोन भाचीनं केला. मागून ताई काय बोलायचं ते पढवत होती, ते ऐकू येत होतं.

अखेर तिनं ती नोकरी सोडली. गोदीच्या दुसऱ्या टोकाला मासेमारीच्या बोटींची रडार दुरुस्त करणारं एक लहान वर्कशॉप होतं, पत्र्याचं, दोन खोल्यांचं. तिथल्या मालकिणीनं तिला घेतलं. पहिल्याच आठवड्यात एका बोटवाल्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, “त्या मास्तरांना शॉक दिलात त्या तुम्हीच ना?” ती म्हणाली, “मी त्यांच्या छातीवर दाब दिला.” तो म्हणाला, “तेच ते.” मालकिणीनं त्याला बिल घ्यायला पुढे बोलावलं आणि विषय संपला. तो विषय असाच अधूनमधून निघायचा आणि असाच संपायचा.

पुढे कधीतरी गोदीनं नियम काढला की प्रत्येक वर्कशॉपनं आपल्या माणसांना विजेच्या सुरक्षेचं आणि प्रथमोपचाराचं शिक्षण द्यायचं. मालकिणीनं तिला आणि दुसऱ्या कारागिराला, एका गप्पिष्ट वायरमनला, पाठवलं. शिकवणारे कोण, हे तिला ठाऊक होतं. नाही म्हणता आलं असतं. तिनं नाही म्हटलं नाही.

सभागृहात पंचवीस-तीस माणसं होती. मास्तर जाड झाले होते, केस मागे नीट विंचरलेले. उजव्या हाताला काळा मोजा. तिला पाहून त्यांचं वाक्य अडखळलं, पण लगेच पुढे सरकलं. काठी, कपॅसिटर, रबरी चटई, अंगठ्या, घड्याळं, सगळं तेच, शब्दही तेच. मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. “मी थांब म्हटलं. माझ्या सहकाऱ्याला लाव ऐकू आलं. म्हणून सांगतो, ओरडून सूचना देऊ नका. समोर जा, डोळ्यांत बघा, उत्तर घ्या.” लोक माना डोलवत होते. सल्ला चांगलाच होता.

चहाच्या सुट्टीत ते तिच्याजवळ आले. डाव्या हातात कप होता. बाकीचे खिडकीशी उभे होते.

“कशी आहेस?”

“बरी आहे.”

“ताई आठवण काढते.”

त्यांनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि आवाज खाली आणला. “तुला एक सांगायचं होतं. मला त्या सकाळचं काही आठवत नाही. बोटीवर चढलो, तिथपर्यंत आठवतं. मग एकदम हॉस्पिटलचं छत.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. कपाळावरचा घाम, ओठांची हालचाल, ती या माणसाला इतकी वर्षं ओळखत होती. “मग थांब म्हटलं, हे कुठून आठवलं?”

“मी नेहमी थांबच म्हणतो. आधी थांब, मग तपासणी, मग लाव. तीस वर्षं. मी दार उघडं ठेवून लाव म्हटलं असेन, हे मला पटतच नाही.”

“आणि तुकडा?”

त्यांनी मोजा घातलेला हात दुसऱ्या हातानं चोळला. “तो मी कधीकधी घालायचो. त्या दिवशी घातला का, देवाशप्पथ, माहीत नाही.”

“मग तसं सांगायचं होतंत. आठवत नाही, एवढंच म्हणायचं होतंत. मी तेवढ्यावरही गप्प बसले असते.”

“तेव्हा वाटत होतं की आठवतंय. मालकांनी विचारलं, आणि मी सांगितलं, आणि सांगता सांगता तसंच झालं असं वाटायला लागलं.” ते थांबले. “पुढे कळलं की नाही आठवत. तोवर सगळं ठरून गेलं होतं.”

“आताही सांगता येईल. आत्ताच, सुट्टी संपली की. इथे सगळे आहेत.”

त्यांनी लोकांकडे पाहिलं. कुणीतरी बिस्किटांचा पुडा फिरवत होतं, वायरमन मोठ्यानं काहीतरी सांगून हसवत होता. मास्तरांच्या चेहऱ्यावर ती लहानपणी ताईच्या चेहऱ्यावर पाहायची तसा भाव आला, आधीच नाही म्हणून ठरवलेल्या माणसाचा.

“तू शहाणी आहेस,” ते म्हणाले. “तुला कळतं.”

“मला कळतं,” ती म्हणाली.

सुट्टी संपली. दुसऱ्या भागात छातीवर दाब द्यायचं शिक्षण होतं. जमिनीवर रबरी पुतळा ठेवला होता. मास्तर प्रत्येकाला बोलवत होते. तिची पाळी आली तेव्हा त्यांनी नाव न घेता हात केला. ती गुडघ्यावर बसली, कोपरं ताठ केली आणि दाबू लागली. पुतळ्याच्या आतलं यंत्र प्रत्येक दाबाला टक्‌ असं वाजत होतं. मास्तर शेजारी उभे राहून मोजत होते, पण मोजता मोजता त्यांचा आवाज खाली गेला आणि नंतर बंदच झाला. तिनं तीस पूर्ण केले, दोन श्वास दिले, पुन्हा हात ठेवले.

“पुरे,” ते म्हणाले. “बरोबर आहे. पुढचा.”

वर्ग सुटला. ती आणि वायरमन गोदीच्या भिंतीलगतच्या रस्त्यानं परत निघाले. डांबराचा आणि डिझेलचा वास येत होता. वायरमन अजून मास्तरांवरच खूश होता.

“काय माणूस आहे,” तो म्हणाला. “एवढं होऊनही त्या सहकाऱ्याचं नाव घेतलं नाही, बघितलंत? दुसरा असता तर चव्हाट्यावर मांडलं असतं. तुमची ओळख दिसते.”

“माझ्या बहिणीचे यजमान.”

“असं? मग बोलला नाहीत कधी. बऱ्या आहेत ना बहीण?”

“असेल,” ती म्हणाली. “बऱ्याच दिवसांत भेट नाही.”

वायरमननं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि बिस्किटांचा उरलेला पुडा पुढे केला. तिनं एक घेतलं. वर्कशॉपमध्ये एक बोटवाला आपलं यंत्र घेऊन ताटकळत बसला होता. मालकिणीनं लांबूनच हात करून लवकर या म्हणून खुणावलं.